जाच होत नाही, जाच करतात

आमच्या टायपिंगच्या बाईंनी चार शब्द टाइप करायला आयुष्यभर नकार दिला : ‘या ना त्या कारणावरून’. कोर्टात, कचेरीत, पोलीस ठाण्यात जाणाऱ्या अर्ध्याअधिक अर्जांत हे शब्द असतात. समोरचा माणूस सांगता सांगता तिथे पोचला की बाई हात उचलून मांडीवर ठेवायच्या आणि विचारायच्या, “या कारणावरून की त्या?” माणूस गडबडायचा. सगळे असंच लिहितात, म्हणायचा. कारण असेल तर सांगा, ते लिहिते, नसेल तर कारण नव्हतं असं लिहिते, पण अधलंमधलं लिहिणार नाही, असं बाई त्याला ऐकवायच्या. बरेच जण उठून दुसऱ्या टायपिस्टकडे जायचे. बाई मग मशीनवर कापड टाकून खिडकीशी उभ्या राहायच्या. गिऱ्हाईक गेल्याचं वाईट वाटलेलं मी कधी पाहिलं नाही.

कोर्टाकडून बाजाराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत त्यांचा क्लास होता. सकाळ-संध्याकाळ मुलंमुली टायपिंग शिकायची आणि दुपारी बाई लोकांचे अर्ज लिहून द्यायच्या. अठ्ठ्याण्णव साली बी.कॉम. झाल्यावर मी तिथे जायला लागले. इंग्लिश फोर्टी, मराठी थर्टी, मिनिटाला तेवढ्या शब्दांच्या वेगाच्या दोन्ही परीक्षा पास झाले, तेव्हा बाई म्हणाल्या, “हात बरा आहे तुझा. दुपारी अर्जांना बस.” त्यांच्या तोंडून मला मिळालेलं हे एकमेव कौतुक.

साठीच्या आसपासची, किरकोळ अंगाची बाई. बारा महिने लांब बाह्यांचं ब्लाउज. मशीनला हात लावण्याआधी प्रत्येकाला साबणानं हात धुवायला लावायच्या, मग बाहेर पाऊस कोसळत असो आणि मोरी अंगणापलीकडे असो. दुपारची पोळीभाजी उभ्यानंच खायच्या. बसलं की अर्जवाले बोलायला लागतात, असं त्यांचं म्हणणं. अर्जाखाली ‘आपला आज्ञाधारक’ लिहा म्हणणाऱ्याला विचारायच्या, “आहात का?” एकदा एका कारकुनाला आजारपणाच्या रजेचा अर्ज हवा होता. त्याच्या नखांत आंब्याचा चीक वाळलेला दिसत होता. बाईंनी सरळ ‘बागेत आंबे काढण्यासाठी’ असं टाइप करून कागद त्याच्या हातात दिला. गावात त्यांना तिरसट म्हणत. ‘नवऱ्यानं टाकलेली’ असंही म्हणत. ते कानावर आलं की बाई मान न वळवता दुरुस्ती करायच्या, “टाकलेली नाही. निघालेली.”

पण त्यांचा खरा हट्ट एका शब्दावर होता. जाच. हा शब्द त्या कुणालाही सहजासहजी वापरू द्यायच्या नाहीत.

मला एका दुपारी त्यांनी तो समजावून सांगितला. परकराची नाडी काचते. तिच्या मनात काही नसतं. सैल केली की संपलं. तो काच. जाच माणूस करतो, आणि करताना त्याला ठाऊक असतं की समोरच्याला लागतंय. ठाऊक असूनही, किंबहुना म्हणूनच, तो उद्या पुन्हा तेच करतो. “आणि आणखी एक ध्यानात ठेव,” त्या म्हणाल्या, “‘जाच होतो’ असं टाइप करायचं नाही. जाच आपोआप होत नाही. ‘जाच केला’ लिहायचं. म्हणजे कोणी केला ते लिहावंच लागतं.”

शब्द द्यायला त्या जितक्या चिकट, तितक्याच तो काढून घ्यायला खमक्या. एक गृहस्थ शेजाऱ्याविरुद्ध अर्ज घेऊन आले होते. शेजारी मुद्दाम पावसाचं पाणी आपल्या गडग्यावर सोडतो, चिऱ्यांची ती कुंपणाची भिंत ढासळत चालली आहे, हा उघड जाच आहे, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी अर्ज बाजूला ठेवला आणि छत्री घेऊन त्यांच्याबरोबर निघाल्या. मीही गेले. शेजाऱ्याच्या आवारात जाऊन बाईंनी एक बादली पाणी मागितलं आणि वरच्या बाजूला जमिनीवर ओतलं. पाणी वाकडंतिकडं वाहत थेट गडग्याशी गेलं. बाई म्हणाल्या, “ह्याला उतार म्हणतात. जाच नाही. दोघं मिळून पन्हळ काढा.” दोन्ही घरची माणसं बघत राहिली. अर्ज काही झाला नाही.

दोन हजार सालची गोष्ट. गणपती होऊन गेले होते, मुंबईची माणसं परत गेली होती. दुपारी संगमेश्वरच्या आतल्या एका गावातून एक बाई आली. तिशीच्या आतली, बरोबर थोरला भाऊ. भाऊच बोलत होता. बहिणीला सासरी मारहाण करतात, पैसे मागतात, असं लिहून द्या म्हणाला. तसं लिहिल्याशिवाय कोणी दाद देत नाही, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. बाईंनी बहिणीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. बाईंनी भावाला खाली चहाला पाठवलं.

मग विचारलं, मारतात का?

“मारीत नायत वो,” ती म्हणाली. “मारला असता तर दाखवता तरी आला असता.”

मग काय करतात, असं विचारून बाई वाट बघत राहिल्या. खालून छत्रीच्या काड्या ठोकल्याचा आवाज तेवढा येत होता. शेवटी तिनं सांगायला सुरुवात केली. नवरा लोट्याला रसायनांच्या कारखान्यात, शिफ्टची नोकरी. तिथेच चौघांत खोली, महिन्यातून एकदा घरी. घरात सासू आणि जाऊ. ही विहिरीवरून पाणी घेऊन आली की दाराला आतून कडी. ही डोक्यावर हंडा घेऊन उभी. हाका मारायच्या, मग सावकाशीनं दार उघडायचं, ऐकू आलं नाही म्हणायचं.

बाईंनी तिला अडवलं. खरंच ऐकू आलं नसेल, मुद्दाम कशावरून?

“मी वळणावर आली का कडीचा आवाज येतो,” ती म्हणाली. “आधी दार उघडाच असता.”

बाईंनी मान हलवली आणि मला म्हणाल्या, लिही. त्या सांगत गेल्या, मी टाइप करत गेले. ‘मी पाण्याचा हंडा घेऊन वळणावर आले की सासू व जाऊ दाराला आतून कडी लावतात. कडी लावल्याचा आवाज मला ऐकू येतो.’ पुढे टेलिफोनचं आलं. नवरा दर रविवारी सकाळी गावातल्या दुकानात फोन करायचा. नेमकं त्याच्या थोडं आधी सासू हिला धुणं देऊन नदीवर पाठवायची. हिला ते पुष्कळ महिन्यांनी दुकानदाराच्या बायकोकडून कळलं. तोवर हिला वाटत होतं, नवरा आपली चौकशीच करत नाही.

आणि मग ती म्हणाली, “मी केलेला कोण खाईत नाय. टाकीत नायत, बोलीत नायत. तसाच ठेवतात.”

बाईंनी वाक्य सांगितलं. माझी बोटं थांबली.

“काय झालं?”

“रिबन अडकली,” मी म्हटलं.

बाईंनी उठून रिबन पाहिली. ती नीट होती. त्या जागेवर जाऊन बसल्या. मी ते वाक्य पुरं केलं. अर्ज दोन पानं झाला. शेवटी बाईंनी ‘वरीलप्रमाणे माझी सासू व माझी जाऊ यांनी मला दोन वर्षे जाणूनबुजून जाच केला’ असं लिहायला सांगितलं आणि तिला सगळा वाचून दाखवला. ती ऐकत होती आणि मध्येच म्हणाली, हे असं सांगता येतं होय.

भाऊबहीण गेल्यावर बाई माझ्या समोर येऊन बसल्या.

“तुझ्या घरी कोण आहे गो?”

“वहिनी.”

“कोण करतं?”

“आई.”

बाई वाट बघत राहिल्या. मला त्यांचं ते वाट बघणं माहीत होतं. त्यातून अजून कोणी सुटलेलं नव्हतं.

“मी पण,” मी म्हटलं.

आमचं घर गावातच, मांडवीला. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. दादा मुंबईला नोकरीला, दोन महिन्यांनी येणारा. घरात आई, वहिनी आणि मी. वहिनी देवरुखकडच्या एका खेड्यातली. दादानं आपल्या पसंतीनं केलेली. आईला ते लागलं होतं. आई तिला कधी मोठ्यानं बोलली नाही. आम्ही फक्त तिनं केलेल्या कालवणाला हात लावायचो नाही. आई म्हणायची, आज पोटाला बरं नाही. मी म्हणायचे, मलाही नको. लोणचं-भात खाऊन आम्ही उठायचो आणि पातेलं तसंच राहायचं. दुसऱ्या दिवशी ती एकटी तेच खायची. ती खोलीत आली की आम्ही बोलणं थांबवायचो. आईला निदान राग होता. मला काहीच कारण नव्हतं. आई करते म्हणून मी करत होते आणि, खरं सांगायचं तर, मला त्यात मजा येत होती.

हे मी बाईंना सांगितलं नाही. त्यांनीच एक कोरा कागद मशीनमध्ये घातला आणि म्हणाल्या, टाइप कर, सगळं, ‘मी’नं सुरू कर. मग त्या हात धुवायला निघून गेल्या आणि संध्याकाळची मुलं येईपर्यंत परतल्या नाहीत. एक पान भरलं. बाईंनी ते वाचलं नाही. घरी घेऊन जा, म्हणाल्या.

मी ते आईला वाचून दाखवलं. वहिनी नळावर गेली होती. आई तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, हात चालूच होते. म्हणाली, माझ्या सासूनं मला जे केलं त्याच्या पासंगालासुद्धा पुरत नाही हे. मला चार चार दिवस कोणाशी बोलू देत नव्हती. बाळंतपणात मला खोबरेल दिलं नाही, माझ्या डोळ्यांसमोर शिंकाळ्यात टांगून ठेवलं.

“मग तो काय होता?” मी विचारलं.

“जाच होता,” आई लगेच म्हणाली. “दुसरं काय.”

“आणि हा?”

आईचे हात थांबले. ती सूप उचलून आत गेली.

त्या रात्रीपासून मी वहिनीनं केलेलं वाढून घ्यायला लागले. मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. ती माझ्या ताटाकडे बघत राहिली आणि तिनं घाबरून विचारलं, काही चुकलंय का त्यात. तिला वाटलं, हा नवा काहीतरी प्रकार असणार. मी तिच्याशी बोलायला गेले की ती ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच बोलायची आणि हातातलं काम घेऊन दुसरीकडे जायची. ते बरेच महिने चाललं. बाईंना मी एकदा कुरकुरत सांगितलं, ती बोलतच नाही माझ्याशी. त्यांनी विचारलं, किती वर्षं केलंत? चार, मी म्हटलं. मग चार महिन्यांत काय मागतेस, असं म्हणून त्या पुढच्या अर्जाकडे वळल्या.

आईनं त्या कागदाचा विषय कधीच काढला नाही. पण थंडीत एकदा वहिनीनं तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, कालवण केलं होतं. आईनं पातेल्यातला डाव घेतला, आपल्या भातावर वाढून घेतलं, खाल्लं आणि म्हणाली, मीठ बेताचं आहे. वहिनी स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

इकडे, अर्ज लिहून दिल्यावर लगेच, संगमेश्वरची ती बाई तो घेऊन तिकडच्या कचेरीत गेली, तेव्हा तिथल्या साहेबांनी वाचून परत दिला. यात तक्रार कुठे आहे, ही तर स्वयंपाकघरातली रड आहे, असं म्हणाले. भावानं येऊन बाईंना ते ऐकवलं आणि वर, मारहाण लिहिली असती तर, असंही सुनावलं. बाईंनी दुसऱ्या दिवशी क्लासला सुट्टी दिली. हे मी तरी पहिल्यांदाच पाहत होते. आम्ही एस.टी.नं गेलो, तिला बरोबर घेतलं आणि साहेबांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसलो. त्या दिवशी भेट झाली नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो, पुन्हा नाही. तिसऱ्या खेपेला साहेबांनीच आत बोलावलं, बहुधा बाक रिकामा व्हावा म्हणून. बाईंनी त्यांना एवढंच सांगितलं की हिच्या नवऱ्याला बोलवा आणि त्याला हा कागद वाचायला द्या. तो वाचून खोटं म्हणाला, तर आम्ही पुन्हा येणार नाही.

नवरा आला. रात्रपाळी करून थेट आलेला, डोळे लाल. भिंतीला टेकून त्यानं दोन्ही पानं वाचली. टेलिफोनपाशी आला आणि थांबला. बायकोला म्हणाला, “मना सांगायचे, तू फोनवर यायला मागत नाय.”

ती म्हणाली, “मना कोणी सांगितलाच नाय फोन आलाय म्हणून.”

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. साहेबांनी कागद परत मागून घेतला आणि या वेळी त्यावर शिक्का मारला. पुढे सासूला आणि जावेला बोलावून समज दिली गेली. त्याचा किती उपयोग झाला असता सांगता येत नाही, पण ते बघायची वेळ आली नाही. महिन्याभरात नवऱ्यानं लोट्याजवळ खोली घेतली आणि बायकोला घेऊन गेला.

नवरा आला त्या दिवशी परत येताना एस.टी.त बाई खिडकीशी बसल्या होत्या. मी न विचारता बोलल्या. नवऱ्यापासून वेगळं होण्याचा त्यांचा स्वतःचा अर्ज त्यांच्या मामांनी लिहिला होता. मामा वकिलांकडे कारकून, भाषा चांगली. त्यांनी लिहिलं, उभयतांचे पटत नाही. “पटत नाही म्हटलं की दोघांचं निम्मं निम्मं होतं,” बाई म्हणाल्या. “माझं निम्मं काय होतं, ते मला अजून कोणी दाखवलेलं नाही.”

दोन हजार दोनमध्ये माझं लग्न ठरलं, चिपळूणला. आदल्या दिवशी वहिनी माझी बॅग भरत होती. साड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, तिकडे कोणी तसलं काही केलं तर पहिल्या दिवशी फोन कर, मी स्वतः घ्यायला येईन. तसलं म्हणजे काय, ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही. मी कधी विचारलंही नाही.

कॉम्प्युटरचे क्लास निघाले तशी बाईंकडे मुलं येईनाशी झाली. त्यांनी खोली सोडली आणि मांडवीला भाचीकडे राहायला आल्या. मी माहेरी आले की त्यांना भेटून यायचे. दोन हजार सहाच्या दिवाळीत गेले, तेव्हा त्यांची नजर बरीच अधू झाली होती. मला बघून म्हणाल्या, बरं झालं आलीस, एक कागद लिहायचाय, हातानंच लिही.

कागद एका जुन्या विद्यार्थिनीला होता. ती माझ्या आधीची, मी तिला कधी पाहिलं नव्हतं. बाई एकेक वाक्य सांगत होत्या, अर्ज सांगायच्या तशाच.

“तुला मी एक वर्ष कोपऱ्यातल्या मशीनवर बसवलं. तिचा ‘त’ अडकत होता. दुसरी मशीन रिकामी असताना बसवलं. तुझा आवाज माझ्या जावेसारखा होता. तुझा काही दोष नव्हता. तू दोनदा नापास झालीस आणि क्लास सोडलास. हा मी तुला केलेला जाच होता.”

मी पेन खाली ठेवलं. काहीतरी समजुतीचं बोलावं असं वाटलं. बाई म्हणाल्या, तारीख घाल आणि मला सही कुठे करायची ते दाखव.

ती आता लांज्याला शिवणकाम करते, असं त्यांनी कुठून तरी शोधून काढलं होतं. पोस्टानं पाठवू, मी म्हटलं. त्या नाही म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं आम्ही गेलो. बाईंनी माझा दंड घट्ट धरला होता. स्टँडपासून जवळच तिचं लहानसं दुकान. चाळिशीला आलेली, गळ्यात टेप. तिनं बाईंना ओळखलं, लगबगीनं उठली, खुर्चीवरच्या कापडाच्या चिंध्या झाडल्या, बसा म्हणाली. बाई बसल्या नाहीत. त्यांनी कागद पुढे केला.

तिनं तो उभ्या उभ्या वाचला. मग पहिल्यापासून पुन्हा वाचला.

“बाई,” ती म्हणाली, “मला इतकी वर्षं वाटत होतं, माझी बोटंच जड आहेत.”

“नव्हती,” बाई म्हणाल्या.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. तिनं कागदाची घडी करून मुठीत धरली आणि दुसऱ्या हातानं गिऱ्हाइकाच्या ब्लाउजचं माप घ्यायला लागली. खांदा, बाही, उंची. एका हातानं जमेना, तेव्हा कागद तिनं आपल्या कमरेला खोचला. गिऱ्हाइकाशी बोलली, कधी मिळेल ते सांगितलं. बाई तेवढा सगळा वेळ उंबऱ्याजवळ उभ्या होत्या. मला वाटलं, आता निघावं. मी त्यांचा हात धरला, पण त्या हलल्या नाहीत.

गिऱ्हाईक गेलं. तिनं खुर्ची ओढून बाईंच्या अगदी पाठीशी आणून ठेवली.

“बसा आता,” ती म्हणाली.